नकाशा गावाच्या हाती : संगणकीय रेखाचित्रणातील साधनपट्ट्या आणि पॅनेले

कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी वसलेल्या गावांना २०१९ च्या ऑगस्टमधील आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमधील महापुराचे विस्मरण होणे शक्य नाही. पाणी चढू लागले की कोणत्या वाटेने निघावयाचे, जनावरे कोठे न्यावयाची आणि निवारा कोणत्या शाळेत, हे ग्रामस्थांना आधीच ठाऊक असणे किती मोलाचे असते, हा धडा त्या दोन वर्षांनी दिला. त्यानंतर अनेक गावांत स्थलांतराच्या मार्गाचे नकाशे चावडीवर लावण्यात आले. हेतू उत्तम होता. तथापि हेतू उत्तम असला म्हणजे फलक वाचता येतोच असे नाही.

प्रस्तुत लेखकास कामाच्या निमित्ताने अशाच एका नदीकाठच्या गावी जाण्याचा प्रसंग आला. ग्रामपंचायतीसमोर सहा फूट रुंद व चार फूट उंच असा नवा कोरा फ्लेक्स झळकत होता. रंग भडक होते, मान्यवरांची छायाचित्रे ठसठशीत होती. परंतु ज्यासाठी हा खटाटोप केला तो नकाशा मात्र धुरकट होता. वस्त्यांची नावे विरघळल्यासारखी दिसत होती. अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळल्या होत्या, ‘व’ कोणता आणि ‘ब’ कोणता हे कळत नव्हते. चौकशी केली तेव्हा समजले की, मूळ नकाशा कोणीतरी भ्रमणध्वनीवरून पाठविला होता आणि छपाई करणाऱ्याने तोच ताणून मोठा केला होता. दुरुस्ती का केली नाही, असे विचारता उत्तर मिळाले, ‘‘साहेब, फाइल आमच्याकडे नाही. दर वेळी तालुक्याला जावे लागते.’’

या उत्तरातच आजच्या विषयाचे महत्त्व सामावलेले आहे. गावाचा नकाशा गावाने स्वतः काढावा, स्वतः जपावा आणि गरज पडेल तेव्हा स्वतः दुरुस्त करावा, हे आज अशक्य राहिलेले नाही. त्यासाठी लागणारे साधन विनामूल्य उपलब्ध आहे. ते शिकण्यास अवघड वाटते ते मुख्यतः त्याच्या पडद्यावर चोहोबाजूंनी मांडलेल्या बटणांच्या पट्ट्यांमुळे. या पट्ट्यांची आणि पॅनेलांची नीट ओळख करून घेणे, हाच या लेखाचा उद्देश आहे.

नकाशा धूसर का होतो?

संगणकावरील चित्रे दोन प्रकारची असतात. छायाचित्र हे रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. ठिपक्यांची संख्या ठरलेली असते. चित्र ताणले म्हणजे ठिपके वाढत नाहीत, तेच ठिपके मोठे होतात. उपरोक्त फलकाचेच उदाहरण घेऊ. समजा, मूळ चित्र १२०० ठिपके रुंद होते. सहा फूट म्हणजे सुमारे १८२९ मिलिमीटर. भागाकार केला असता एकेक ठिपका दीड मिलिमीटरचा होतो. मूळ चित्रात बारा ठिपके उंचीचे असलेले अक्षर फलकावर अठरा मिलिमीटरचे दिसेल खरे; पण त्या बारा ठिपक्यांतच शिरोरेघ, काना, मात्रा आणि अनुस्वार दाटीवाटीने बसवावे लागतात. देवनागरी लिपीस हे मानवत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या चित्रात ठिपके साठविलेले नसून आकृतीची कृती साठविलेली असते. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा, जाडी इतकी, रंग अमुक’ अशा सूचनांचा तो संच होय. यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात. गावातील गृहिणी रांगोळी काढते तेव्हा तिच्या मनात ठिपक्यांची संख्या आणि जोडण्याचा क्रम असतो. अंगण लहान असो की मोठे, रांगोळी तीच उमटते. व्हेक्टर चित्राचेही तसेच आहे. तळहाताएवढे छापा किंवा भिंतीएवढे, प्रत्येक वेळी रेषा नव्याने आखली जाते आणि कड स्वच्छ राहते.

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. तीत पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत असे. फ्रान्समधील रेनो या मोटार कारखान्यातील अभियंते पिएर बेझिए यांनी त्याच दशकात मोटारींच्या वळणदार पत्र्यांसाठी वक्ररेषांची जी पद्धत प्रचारात आणली, तीच आजही या प्रणालींत त्यांच्या नावाने वापरली जाते. पुढे २००१ मध्ये ‘एसव्हीजी’ हे व्हेक्टर चित्रांचे खुले प्रमाण निश्चित झाले आणि त्याच प्रमाणावर आधारलेली ‘इंकस्केप’ ही मुक्त प्रणाली २००३ मध्ये सुरू झाली. ती विनामूल्य आहे, विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते आणि कितीही संगणकांवर बसविता येते. म्हणून या लेखातील विवेचन इंकस्केपला धरून केले आहे. कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांनाही यातील तत्त्वे उपयोगी पडतील, कारण मांडणीची मूळ कल्पना सर्वत्र सारखीच आहे.

पडद्याची वाटणी

इंकस्केप उघडताच मध्यभागी कागद दिसतो आणि भोवताली पट्ट्या दिसतात. प्रथमदर्शनी मन गोंधळते. सुताराच्या कामाच्या जागेची कल्पना केल्यास हा गोंधळ कमी होईल. भिंतीवर टांगलेली हत्यारे, हातातल्या हत्याराची जुळणी, नित्याची कामे आणि बारकाईने माप घेण्याची जागा असे चार भाग तेथे असतात. येथेही तसेच चार भाग आहेत.

पहिला भाग डाव्या कडेची उभी साधनपट्टी. येथे हत्यारे आहेत. निवडीचा बाण, बिंदू हलविण्याचे साधन, चौकोन, वर्तुळ, लेखणी, अक्षरे इत्यादी. एका वेळी यांपैकी एकच हत्यार हाती असते.

दुसरा भाग मेनूखालची आडवी पट्टी. हिचे वैशिष्ट्य नवशिक्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. ही पट्टी हातातील हत्याराप्रमाणे बदलते. चौकोन घेतला की ती कोपऱ्यांची गोलाई विचारते. अक्षरांचे साधन घेतले की टंक आणि आकार विचारते. बाण घेतला की निवडलेल्या आकृतीचे स्थान, रुंदी आणि उंची दाखविते. ‘काल दिसत होते ते बटण आज गेले कोठे?’ या नित्याच्या तक्रारीचे उत्तर बहुधा येथेच असते. बटण गेलेले नसते, हत्यार बदललेले असते.

तिसरा भाग आज्ञापट्टी. नवी फाइल, जतन करणे, छापणे, मागे घेणे ही नित्याची कामे येथे एकत्र आहेत. ती वरच्या कडेस अथवा रुंद पडद्यावर उजव्या कडेस असू शकते.

चौथा भाग पॅनेलांचा. ही उजव्या बाजूस उघडतात आणि वहीच्या खुणपट्ट्यांप्रमाणे एकामागे एक रचली जातात. रंग, स्तर, अक्षरे, रांग लावणे यांचे सविस्तर काम येथे चालते. खुणपट्टी धरून ओढल्यास पॅनेल वेगळ्या खिडकीतही काढता येते. लहान पडद्यावर पॅनेलांनी जागा अडविली, तर एफ १२ ही कळ दाबावी. सर्व पॅनेले दृष्टीआड होतात आणि तीच कळ पुन्हा दाबताच परत येतात.

याखेरीज तळाशी रंगांची पट्टी असते. आकृती निवडून रंगावर टिचकी मारली की आतील भाग रंगतो. शिफ्ट ही कळ दाबून टिचकी मारली की कडेची रेषा रंगते. सर्वात खाली सूचनापट्टी असते. हातातील हत्याराने काय करता येईल हे ती सतत सांगत असते. नवशिक्याचा तो मूक शिक्षकच होय. परंतु तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. एखादी पट्टी चुकून नाहीशी झाली, तर ‘व्ह्यू’ मेनूतील दाखवा-लपवा यादीतून ती परत आणता येते.

एक फलक, पायरीपायरीने

साधनांची नुसती नावे पाठ करून उपयोग नाही. म्हणून वर वर्णिलेला स्थलांतराचा नकाशाच आपण काढावयास घेऊ.

पायरी पहिली : कागद. फाइल मेनूतील ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’ हे पॅनेल उघडून कागदाची रुंदी २७० आणि उंची १८० मिलिमीटर ठरवावी. फलक सहा फूट बाय चार फूट, म्हणजे तीनास दोन या प्रमाणाचा; कागदही त्याच प्रमाणाचा झाला. शिवाय तो ए-चार आकाराच्या साध्या कागदावर आडवा छापता येतो, ही मोठी सोय. फलक या कागदाच्या पावणेसात पट असेल. कागदावर पाच मिलिमीटर उंचीचे अक्षर फलकावर सुमारे चौतीस मिलिमीटरचे होईल.

पायरी दुसरी : स्तर. ‘लेअर्स अँड ऑब्जेक्ट्स’ हे पॅनेल कंट्रोल, शिफ्ट आणि एल या कळांनी उघडते. पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्याप्रमाणे येथे स्तर रचता येतात. तळाशी आधारचित्र, त्यावर नदी, त्यावर रस्ते, मग घरे व सार्वजनिक इमारती, मग स्थलांतराचे मार्ग आणि सर्वांत वर नावे, असे सहा स्तर करावेत व त्यांना मराठीतच नावे द्यावीत. प्रत्येक स्तरापुढे डोळा आणि कुलूप अशी दोन चिन्हे असतात. डोळ्याने स्तर दिसतो अथवा लपतो. कुलपाने तो हलेनासा होतो. रस्ते आखताना नदी सरकली, ही तक्रार कुलूप न लावल्याने उद्भवते.

पायरी तिसरी : आधारचित्र. गावनकाशाची स्कॅन केलेली प्रत फाइल मेनूतील ‘इंपोर्ट’ने तळच्या स्तरावर आणावी. त्या वेळी प्रणाली एक प्रश्न विचारते : चित्र फाइलमध्ये समाविष्ट करावयाचे की केवळ जोडून ठेवावयाचे? समाविष्ट करणे श्रेयस्कर. जोडलेले चित्र दुसऱ्या संगणकावर दिसत नाही आणि काम अडते. चित्र आणल्यावर ते थोडे फिके करावे, स्तरास कुलूप लावावे आणि मग वरच्या स्तरांवर रेषा गिरविण्यास प्रारंभ करावा.

पायरी चौथी : रेषा. लेखणीचे साधन बी या कळेने हाती येते. टिचकी मारीत गेल्यास सरळ रेषा जोडल्या जातात. टिचकी मारून बटण न सोडता ओढल्यास वळण येते. रस्ता संपला की एंटर दाबावे. चुकलेला शेवटचा बिंदू बॅकस्पेसने जातो. सारे एकदाच अचूक आले पाहिजे असा हट्ट नको. नंतर एफ २ दाबून बिंदूंचे साधन घ्यावे आणि एकेक बिंदू सरकवून वळण जुळवावे. अनुभवाचा एक नियम सांगतो : बिंदू जितके कमी, वळण तितके सुबक.

पायरी पाचवी : रंग आणि जाडी. ‘फिल अँड स्ट्रोक’ हे या प्रणालीतील सर्वाधिक वापरले जाणारे पॅनेल. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ यांनी ते उघडते. यात तीन भाग आहेत : आतील रंग, कडेचा रंग आणि कडेची शैली. मुख्य रस्ता जाड, पायवाट तुटक, स्थलांतराचा मार्ग सर्वांत ठळक, ही योजना तिसऱ्या भागातून करावी. मार्गाच्या टोकाला बाणही तेथूनच लागतो. बाण उलट दिशेस लागला, तर रेषा उलट दिशेने काढली गेली आहे असे समजावे; ‘पाथ’ मेनूतील ‘रिव्हर्स’ या आज्ञेने दिशा फिरते.

या पॅनेलात एक सापळा आहे. तळाशी असलेली अपारदर्शकता संपूर्ण आकृतीस लागू होते, तर रंगाच्या भागातील पारदर्शकता केवळ त्या रंगास. पूरक्षेत्राचा निळा रंग फिका करावयाचा, पण त्याची सीमारेषा ठळक ठेवावयाची असल्यास दुसरा उपाय वापरावा. तसेच धोक्याचा रस्ता लाल आणि सुरक्षित रस्ता हिरवा एवढ्याच भेदावर विसंबू नये. हे दोन रंग वेगळे न ओळखणारे लोक प्रत्येक गावात असतात आणि उन्हापावसात फलकाचे रंग उडतातही. धोक्याचा रस्ता तुटक आणि सुरक्षित रस्ता सलग, असा रेषेचा भेदही ठेवावा.

पायरी सहावी : खुणा आणि रांग. हातपंप, दवाखाना, शाळा यांच्या खुणा एकदाच काढाव्यात आणि ऑल्ट व डी या कळांनी त्यांच्या प्रतिकृती कराव्यात. मूळ खूण बदलली की साऱ्या प्रतिकृती आपोआप बदलतात. सूचीतील खुणा आणि त्यांपुढील नावे एका रांगेत आणण्यासाठी ‘अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट’ हे पॅनेल आहे. वापरण्यापूर्वी ‘कशाच्या संदर्भात’ हा रकाना अवश्य पाहावा. तेथे ‘पेज’ असेल तर सूची कागदाच्या कडेला जाऊन बसते आणि सारे बिघडले असे वाटते. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. कंट्रोल आणि झेड दाबले की पूर्वस्थिती येते.

पायरी सातवी : अक्षरे. नावे युनिकोडमध्येच टंकलिखित करावीत. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उमटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे टंक विनामूल्य मिळतात, जोडाक्षरे नीट दाखवितात आणि दुरूनही वाचता येतात. अक्षरांचे साधन हाती असताना कळफलक मजकूर लिहितो, हत्यारे बदलत नाही, हे लक्षात ठेवावे. लिहून झाल्यावर एफ १ दाबून बाण घ्यावा.

छपाईपूर्वी

बाणाचे साधन हाती असता आडव्या पट्टीच्या शेवटी चार लहान बटणे दिसतात. त्यांतील पहिले, आकृती लहान-मोठी करताना रेषेची जाडीही त्या प्रमाणात बदलावी काय, हे ठरविते. संपूर्ण नकाशा एकत्र निवडून मोठा करावयाचा असेल, तर ते चालू असले पाहिजे. एरवी जाड रस्ता दोऱ्यासारखा दिसू लागतो. या एका बटणाच्या अज्ञानाने अनेकांचे श्रम वाया गेले आहेत.

आधारचित्राच्या स्तराचा डोळा मिटावा आणि ए-चार कागदावर मूळ आकारात एक प्रत छापून पाहावी. ही प्रत सुमारे साठ सेंटिमीटर, म्हणजे हातभर अंतरावर धरून वाचता आली, तर पावणेसात पट मोठा फलक साधारण चार मीटर अंतरावरून तितकाच वाचता येईल. गावातील वृद्धांच्या हाती ही प्रत देऊन वाचून घ्यावी. यापेक्षा स्वस्त आणि विश्वसनीय परीक्षा दुसरी नाही.

शेवटी फाइल मेनूतील ‘सेव्ह ए कॉपी’ने पीडीएफ प्रत काढावी व त्या वेळी विचारल्या जाणाऱ्या पर्यायांपैकी अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर करण्याचा पर्याय निवडावा. मग छपाई करणाऱ्याकडे तो टंक नसला तरी मजकूर बिघडत नाही. मूळ एसव्हीजी फाइल मात्र तशीच जपावी, कारण पुढील दुरुस्ती तीतच करावयाची आहे. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवल्यास उत्तम.

दुरुस्तीचा अधिकार

प्रारंभी उल्लेखिलेल्या गावी पुढे शाळेतील एक शिक्षक, केंद्रचालक आणि दोन सदस्य यांनी मिळून चार दिवस संध्याकाळी बसून नकाशा नव्याने काढला. पहिल्या दिवशी साधनपट्टी शोधण्यातच तास गेला, हे त्यांनी हसत सांगितले. छापलेली प्रत ग्रामसभेत फिरविली असता एका वयस्क बाईंनी ठळक बाणावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘गुरुजी, ही वाट ओढ्याच्या साकवावरून जाते. नदीला पाणी यायच्या आधी साकव बुडतो. आम्ही त्या वर्षी वरच्या मळ्यातून गेलो.’’ सभा क्षणभर स्तब्ध झाली. शिक्षकांनी तेथेच संगणक उघडला, मार्गाच्या स्तराचे कुलूप काढले, चार बिंदू सरकविले आणि मार्ग वरच्या मळ्यातून नेला. पाच मिनिटेही लागली नाहीत.

पूर्वीचा धुरकट फलक वाचता येत नव्हता, एवढाच त्याचा दोष नव्हता. तो वाचता आला असता, तर त्याने लोकांना बुडणाऱ्या साकवावर नेले असते. चूक ध्यानात आणून देणारी व्यक्ती गावातच होती. दुरुस्ती करण्याचे साधन मात्र गावाबाहेर होते. ते साधन गावात आले म्हणून त्या बाईंचा अनुभव नकाशावर उमटू शकला.

पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या, शिवारातील पाणंद रस्ते, शाळेतील भूगोलाचे तक्ते, आरोग्य शिबिराच्या सूचना अशा कितीतरी कामी हे कौशल्य उपयोगी पडणारे आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस यात सहभागी करून घ्यावे; आपल्या गल्लीचा नकाशा काढणे हा त्यांना आवडणारा स्वाध्याय ठरेल. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत गावाच्या नकाशाचे वाचन हा विषय आवर्जून ठेवावा. पडद्यावरील पट्ट्या आणि पॅनेले यांची भीती दोन-चार दिवसांत मोडते. त्यानंतर जो नकाशा हाती येतो, तो गावाचा स्वतःचा असतो, आणि पाणी चढू लागण्यापूर्वी तो बिनचूक करून ठेवणेही गावाच्याच हाती असते.